कवटीफोड्याचं नाव

“दगडफोड्या,” भोंगा म्हणाला.

“भिंतफोड्या,” शेपटाने लगेच जोडलं.

“दारफोड्या.”

“घरफोड्या!”

“ए, घरफोड्या म्हणजे चोऱ्या. बाद,” भोंग्याने निकाल दिला. त्यावरून दोघांची जुंपली. कुंपणाच्या भिंतीवरून दोघंही आता खाली पडणार असं दिसायला लागलं, तेव्हा टाचणीने दोघांच्या कॉलरी धरल्या.

मामाच्या बर्फाच्या कारखान्याची ती मागची भिंत. सुट्टी लागली की टाचणी आणि तिचा धाकटा भाऊ मामाकडे यायचे. मामाचा मुलगा त्यांची वाटच बघत असायचा, आणि मग तिघं मिळून या भिंतीवर मुक्काम ठोकायचे. घरी ठेवलेली नावं इथे चालत नसत. टाचणी बोलायला लागली की समोरच्याला टोचायची, म्हणून ती टाचणी. मामाचा मुलगा कुजबुजला तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं, म्हणून तो भोंगा. आणि धाकटा जाईल तिथे ताईच्या मागे, तो शेपूट.

नावाच्या साखळीचा खेळ टाचणीनेच काढला होता. भिंतीखालून जाणारा एक माणूस निवडायचा. त्याच्या कामावरून नाव सुरू करायचं. मग प्रत्येकाने अर्धं नाव तसंच ठेवून उरलेलं अर्धं बदलायचं, पण आधीच्यापेक्षा वरचढ. ज्याच्या नावापुढे कुणालाच सुचणार नाही तो जिंकला, आणि ते नाव त्या माणसाला कायमचं चिकटलं. माणसाला यात कोणी विचारत नसे.

त्या दिवशीचा माणूस नवा होता. आडदांड, काळाभोर, गालफडं बसलेली. टोकदार सळईचे दोन घाव घालून तो बर्फाच्या लादीचे असे तुकडे पाडायचा की बघत राहावं. बोलायची मात्र त्याला हौस नव्हती. साखळी ‘बर्फफोड्या’वरून निघाली होती आणि आता तिच्यात जोर आला होता.

“हाडफोड्या,” भोंगा म्हणाला आणि विजयी मुद्रेने बघायला लागला.

टाचणीने क्षणभर डोळे मिटले. “कवटीफोड्या.”

झालं! दोघांनी डोकी खाजवली, नखं खाल्ली, पण कवटीच्या पुढे काही सुचेना. टाचणी जिंकली. खाली तो माणूस लादीचा भुगा झटकत होता आणि त्याला नाव मिळालं होतं.

नाव चांगलं असलं की ते पायात चाकं बांधूनच निघतं. आधी चहावाल्याने उचललं, मग हमालांनी. कारखान्याचा मुकादम तर पोट धरधरून हसला आणि दुसऱ्या दिवसापासून “ए कवटीफोड्या, इकडे ये” अशाच हाका मारायला लागला. तो माणूस हाक आली की यायचा. टाचणीला आपल्या नावाचा मोठा अभिमान वाटला.

मग तो दुपारचा प्रकार घडला.

मुलं भिंतीवरच होती. अचानक मुकादम कारखान्याच्या दारातून बोंब ठोकत बाहेर आला. “धावा! इंजिनकाकाला मारलं! कवटीफोड्याने काकाची कवटी फोडली!”

इंजिनकाका म्हणजे कारखान्याची यंत्रं सांभाळणारे म्हातारे गृहस्थ, बारा महिने लोकरीची टोपी घालणारे, सगळ्यांच्या जिव्हाळ्याचे. एरवी कुणी विचारलं असतं की बाबा, कुठे मारलं, कशाने मारलं, तू पाहिलंस का. पण मुकादमाचं वाक्य इतकं चपखल बसलं की कुणाला काही विचारायचं सुचलंच नाही. तो माणूस फाटकाशी हातगाडीवर बर्फ चढवत होता. त्याच्या हातात लादी ओढायचा लोखंडी आकडा होता. लोकांना तेवढं पुरलं.

पहिला फटका फळीचा होता, पाठीत. तो वळला आणि काहीतरी बोलायला लागला, तेवढ्यात दुसरा तोंडावर बसला. मग हमाल, हातगाडीवाले, मासळीबाजाराकडे निघालेले लोक, ज्यांनी इंजिनकाकांना जन्मात पाहिलं नव्हतं तेसुद्धा, सगळे तुटून पडले. खोक्याच्या फळ्या, पायातल्या वहाणा, जे हाताला येईल ते. एकाने त्याचाच आकडा हिसकावून त्याच्या दांड्याने त्याला झोडपलं. त्याने डोकं वाचवायला हात वर केला आणि त्या हातावर फळी बसली. हाड मोडल्याचा आवाज भिंतीवर ऐकू आला. फळी मोडल्याचा आवाज तसा नसतो.

शेपूट ताईच्या पोटात तोंड खुपसून रडायला लागला. भोंग्याचा आवाज बसला. टाचणीने नजर वळवली नाही, वळवता आलीच नाही. तिला सगळं दिसत होतं आणि सगळं ऐकू येत होतं: शिव्या, फटके, आणि पाठीमागे कारखान्यातून येणारी बर्फ चुरायच्या यंत्राची घरघर. “नावच सांगतंय की काय लायकीचा आहे ते,” धापा टाकत एक हातगाडीवाला म्हणाला आणि त्याने आणखी एक लाथ घातली.

हवालदार आला तेव्हा तो माणूस मातीत पडला होता. हवालदाराने त्याचे दोन्ही हात बांधले, मोडलेलासुद्धा, आणि त्याला ओढत नेलं. इंजिनकाकांना बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात हलवलं. जमाव फाटकाशी उभा राहून बजावत होता, की काकांचं बरंवाईट झालं तर चौकीचं दार तोडून त्याला बाहेर काढू आणि तिथेच संपवू.

संध्याकाळी मामा सुन्न होऊन घरी बसला होता. मुकादम देवमाणूस, सगळे मारायला धावले पण तो एकटा काकांपाशी थांबला, असं तो मामीला सांगत होता. मग म्हणाला, त्या कवटीफोड्याला कामावर ठेवलं हीच चूक. त्याच्या गावाकडे त्याने म्हणे दोघांच्या कवट्या फोडल्यात, म्हणून तर ते नाव पडलं.

टाचणी मामासमोर येऊन उभी राहिली. “मामा, हे तुला कुणी सांगितलं?”

मामाला चहावाल्याने सांगितलं होतं. टाचणी भोंग्याला आणि शेपटाला घेऊन तडक चहावाल्याकडे गेली. चहावाल्याला हमालाने सांगितलं होतं. हमाल म्हणाला, न्हाव्याच्या दुकानात ऐकलं. न्हावी कात्री परजत म्हणाला, “मला काय विचारता? हाच तर पठ्ठ्या केस कापून घेताना सांगत होता. दोन कवट्या म्हणे. एक मोठी, एक लहान.”

त्याची कात्री शेपटाकडे रोखलेली होती.

शेपूट टाचणीच्या मागे लपला. न्हावी फार वेळ लावत होता, म्हणून गोष्ट रंगवून सांगितली, असं तो पुटपुटला. टाचणीने त्याला खाडकन मुस्काटात दिली. तो रडला नाही. मग टाचणीच रडायला लागली, कारण कवट्या शेपटाच्या असल्या तरी कवटीफोड्या तिचा होता. तिला आपला हात तोडून टाकावासा वाटला.

घरी येऊन तिने मामाला सगळं सांगितलं. तो खेळ होता, नाव आम्ही पाडलं, त्याने कुणाचं काही फोडलेलं नाही. मामाने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“बघ,” तो मामीला म्हणाला, “लहान पोरांनीसुद्धा ओळखलं होतं त्याला. मीच आंधळा.”

मोठ्या माणसांपुढे डोकं आपटून काही उपयोग नसतो हे भोंग्याला तेरा वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. त्याने टाचणीला बाहेर ओढलं आणि आपल्या परीने हळू आवाजात म्हणाला, “आपणच शोधायचं. त्याने मारलं नाही, तर मग कुणी मारलं?”

सकाळी मामीने त्यांना मासळीबाजारात पिटाळलं. तिथली मासळीवाली मावशी भोंग्याला बघताच कडाडली. तिच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. कारखान्याच्या बर्फात काचा निघतात, हे बघ बोट कसं कापलं, बापाला सांग गिऱ्हाईक मेलं तर तू भरून देशील का! आणि तिने माशांच्या खोक्यातून काढून ठेवलेली वस्तू त्याच्या अंगावर भिरकावली.

तो चष्म्याचा अर्धा भाग होता. काच फुटलेली, आणि कानामागे जाणारी काडी तांब्याच्या तारेने बांधलेली.

ती तार टाचणीने शंभरदा पाहिली होती. इंजिनकाका यंत्राच्या तारेनेच चष्मा दुरुस्त करायचे आणि वर ऐटीत मिरवायचे.

“हा बर्फ कधीचा, मावशी?”

“कालचा. दुपारी मारामारी झाली ना, तेव्हाच आमची गाडी भरली. बाकी सगळे तमाशा बघत होते, मुकादमाने आपल्या हाताने चुरा भरून दिला.”

टाचणीने तो तुकडा उचलून मुठीत धरला. तिच्या डोक्यात चक्र सुरू झालं होतं. काकांना सळईने किंवा आकड्याने कुणी मारलं असतं, तर चष्मा जमिनीवर पडला असता. तो चुऱ्यात गेला, म्हणजे तो फुटलेल्या बर्फात पडला होता आणि तो बर्फ कुणीतरी फावड्याने उचलून यंत्रात लोटला. कधी? तो माणूस मातीत मार खात होता तेव्हा. यंत्राची घरघर तिने स्वतः ऐकली होती. बाहेर माणूस मरत होता, आत दुसरा बेशुद्ध पडला होता, आणि मुकादम बर्फ चुरत होता.

“पण बर्फ फुटला कशाने?” शेपटाने विचारलं. गालावर अजून वळ होता, पण ताईवरचा राग गेला होता.

“काकांच्या डोक्याने,” टाचणी म्हणाली.

कारखान्यात माळ्यावरून खाली एक लाकडी घसरण होती. माळ्यावर साच्यातून निघालेल्या लाद्या पाचर लावून थोपवायच्या. पाचर काढली की लादी घसरत यायची, मध्ये एक लोखंडी अडसर होता तिथे थांबायची, आणि अडसर उचलल्यावर सावकाश खाली उतरायची. घसरणीचं तोंड गुडघ्याच्या उंचीवर होतं आणि शेजारीच चुरायचं यंत्र. काका तिथेच वाकून यंत्राला तेल द्यायचे. अडसर काढून ठेवू नका, जीव जाईल कुणाचा तरी, असं ते मुकादमाला सारखं बजावायचे. मुकादमाला त्या थांबण्याचा वैताग होता. दर लादीला माळ्यावरून खाली कोण उतरणार!

तिघं कारखान्यात पोचले तेव्हा आत शुकशुकाट होता. काकांची तब्येत बिघडली अशी आवई उठली होती आणि सगळी माणसं चौकीवर धडकली होती. त्या माणसाच्या हातात आता फार वेळ नव्हता.

तिने शेपटाला माळ्यावर पाठवलं, अडसर जागेवर आहे का ते बघायला. भोंगा चुरायच्या यंत्रापाशी गेला. यंत्र बंद होतं. त्याने खांद्यापर्यंत हात आत घातला आणि दात्यांमध्ये चाचपायला लागला.

“काहीतरी अडकलंय. लोकरीचं आहे. काकांची टोपी असणार!”

“हात काढू नकोस,” मागून आवाज आला.

मुकादम खांबापाशी उभा होता. खांबावर यंत्राचं बटण होतं आणि त्याचा पंजा बटणावर होता. तो हसत होता, पण डोळे लालबुंद होते.

“मशीनमध्ये हात घालू नये एवढं शिकवलं नाही तुझ्या बापाने? कुणाचा धक्का लागला, बटण दाबलं गेलं, तर कोपरापर्यंत कीस होईल. मी काय करणार, पोरं ऐकत नाहीत.”

भोंग्याने हात ओढून बघितला. त्याची मूठ टोपीसकट दात्यांमध्ये अडकली होती. टाचणी पुढे सरकली, तसं मुकादमाने दुसऱ्या हाताने तिचे केस धरले आणि तिला खांबावर आपटलं. तिच्या ओठातून रक्त आलं. चष्मा दे, तो म्हणाला. टाचणीने मूठ घट्ट केली. त्याने तिची बोटं पिरगळायला सुरुवात केली आणि ती किंचाळली, भोंग्यापेक्षाही मोठ्याने.

माळ्यावर शेपटाला अडसर सापडला होता. कोपऱ्यात पडला होता. त्याने खाली बघितलं. ताईचे केस मुकादमाच्या मुठीत होते आणि मुकादमाचे पाय बरोबर घसरणीच्या तोंडासमोर. त्याने विचार केला नाही. लादीखालच्या पाचरीवर त्याने दोन्ही टाचांनी लाथ घातली.

लादी गडगडत आली. वाटेत तिला थांबवणारं काहीच नव्हतं. मुकादमाने मान वळवली तेवढ्यात ती त्याच्या नडगीवर आदळली आणि फुटली. पायाचं हाडही तिच्याबरोबर मोडलं. तो गुरासारखा ओरडत बर्फात कोसळला. टाचणीने आधी खांबावरचं मुख्य बटण खाली ओढून वीज तोडली आणि मग भोंग्याचा हात सोडवला. कातडी सोलवटली होती, पण बोटं सगळी शाबूत होती. मुठीत रक्ताने कडक झालेली लोकरीची टोपी होती.

आरडाओरडा ऐकून चौकीवरून परतणारे लोक आत धावले, मामा आणि हवालदारही. काकांच्या तब्येतीची आवई खोटी निघाली होती, पण लोकांचं रक्त तापलेलंच होतं. भोंग्याने धडाधडा सगळं सांगून टाकलं: अडसर, चष्मा, टोपी. त्याचा आवाज त्या दिवशी कामी आला, शेवटच्या माणसापर्यंत पोचला. लोकांनी मोकळी घसरण बघितली, फुटलेली लादी बघितली, मुकादमाचा पाय बघितला. मग ज्या हातगाडीवाल्याने काल शेवटची लाथ घातली होती, त्याने फळी उचलली.

“हाणा त्याला! खरा कवटीफोड्या हा!”

फळ्या वर झाल्या, आकडे वर झाले. कालचीच माणसं, कालचेच चेहरे. काय करतोय हे कळायच्या आत ती बर्फात पडलेल्या मुकादमावर आडवी झाली. पहिली फळी तिच्याच खांद्यावर बसली.

“काल विचारलं नाहीत, आज तरी विचारा!” ती ओरडली. “तोंड आहे त्याला. विचारा ना!”

फळी मारणारा जागच्या जागी थिजला. पोरीला लागलं म्हणून तो घाबरला, की कालचं आठवून, कोण जाणे. मामाने झेप घेऊन टाचणीला उचललं. हवालदार खाली वाकला आणि त्याने विचारलं. मुकादम कण्हत कण्हत बोलला. अडसर त्यानेच काढला होता. लादी काकांच्या डोक्यावर आदळली. तो घाबरला, नोकरी जाईल, तुरुंगात जाईन, आणि तोंडात ते नाव आलं. नाव घेतलं की लोक पुढचं आपोआप करतील हे त्याला माहीत होतं.

इंजिनकाका त्याच दुपारी शुद्धीवर आले. आधी त्यांनी चष्मा मागितला, आणि मग मुकादमाने अडसर काढला होता का ते विचारलं. त्या माणसाला सोडलं. हात गळ्यात बांधून, एक डोळा सुजून मिटलेला, असा तो कारखान्यात आपली पिशवी घ्यायला आला, तेव्हा तिथे कौतुकाचा सोहळा चालला होता. हवालदार शेपटाच्या पाठीत धपाटे घालत होता, असली पोरं आमच्या खात्यात पाहिजेत म्हणत होता. मासळीवाल्या मावशीने भोंग्याच्या सोललेल्या हाताला हळद लावून दिली होती. मामाचा ऊर भरून आला होता. माझी भाची, माझी भाची, असं तो येईल त्याला सांगत होता.

त्या माणसाला बघून हवालदाराने शेपटाच्या पाठीवरचा हात काढून घेतला. हातगाडीवाला मागच्या मागे सटकला. मामा पुढे झाला. औषधपाण्याचं सगळं मी बघतो, तुझं काम कुठे जात नाही, असं म्हणाला. ते खरंच मनापासून होतं. पण मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तो मुलांकडे वळून म्हणाला, “आता त्या घाणेरड्या नावाने कुणी हाक मारायची नाही. तुम्ही पोरं नावं पाडण्यात पटाईत. याला एक छानसं नाव द्या बघू!”

“नाही,” टाचणी म्हणाली.

ती पुढे गेली. ओठ सुजला होता, खांदा ठणकत होता, आणि इतकी भीती तिला मुकादमाचीही वाटली नव्हती. ते नाव मी पाडलं, तिने सांगितलं. खेळात जिंकायला. सगळ्यांसमोर सांगितलं, हवालदारासमोरसुद्धा.

त्याने एका डोळ्याने तिच्याकडे बघितलं.

“तुमचं नाव काय?” तिने विचारलं.

“हे विचारायला माझा हात मोडावा लागला का गं पोरी?” तो म्हणाला. आवाज हळू होता, त्यात राग होता, आणि तो त्याने लपवला नाही.

टाचणीने मान खाली घातली नाही. ती उत्तराची वाट बघत राहिली. मग त्याने नाव सांगितलं. आपलं, वडिलांचं आणि आडनाव, पूर्ण. टाचणीने ते सावकाश, एकही अक्षर न बदलता म्हटलं. तिच्यामागून भोंग्याने म्हटलं, शेपटाने म्हटलं. मामाने ते नाव त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं, आणि कौतुकाच्या गर्दीतून वाट काढत तो त्या माणसासाठी खुर्ची आणायला गेला.